नेब्रास्काचे अर्नी चेंबर्स: ४६ वर्षं आमदार, पण हरले म्हणायचं की जिंकले?

मंदाताई_रामबाग

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबचा आहे पण आपल्या इंदूरच्या या कट्ट्यावर अमेरिकेत राहिलेले पण आहेत न वकील पण आहेत, म्हणून इथेच विचारते.

मागच्या वर्षी पाच महिने लेकीकडे ओमाहाला होते, नातवाच्या वेळी. ओमाहा म्हणजे नेब्रास्का राज्यातलं सगळ्यात मोठं शहर, राजधानी मात्र लिंकन. एक दिवस जावई आम्हाला लिंकनचं विधानभवन दाखवायला घेऊन गेले. चारशे फुटी मनोरा आणि त्याच्या टोकावर बी पेरणारा शेतकरी, मला तर ते बघूनच बरं वाटलं, की राज्याच्या डोक्यावर कोणी राजा नाही, घोड्यावरचा सेनापती नाही, शेतकरी आहे. आत दोन सभागृहं आहेत, एकात कामकाज चालतं आणि दुसरं नुसतं बघायला ठेवलंय. कारण इमारत १९२२ ते १९३२ मध्ये बांधली तेव्हा दोन सदनं होती आणि १९३७ पासून त्यांनी एक सदन चक्क बंदच करून टाकलं. पूर्ण अमेरिकेत असं एकाच राज्यात आहे.

तर तिथे पहिल्यांदा अर्नी चेंबर्स हे नाव ऐकलं आणि घरी येऊन जावयांना विचारलं, मग डोक्यातून जाईचना. १९३७ चा जन्म, कृष्णवर्णीय, उत्तर ओमाहातल्या न्हाव्याच्या दुकानात केस कापायचे, १९७० साली निवडून आले. मधली चार वर्षं सोडली तर २०२१ च्या जानेवारीपर्यंत आमदार, सगळे मिळून ४६ वर्षं! त्या राज्यात इतकी वर्षं दुसरं कोणीच राहिलेलं नाही. कुठल्या पक्षाचे नाहीत. सूट नाही, टाय नाही, सभागृहात पण जीन्स आणि स्वेटशर्ट. आणि पगार वर्षाला १२००० डॉलर, म्हणजे महिन्याला एक हजार. लेक म्हणाली आई, एवढ्यात इथे घरभाडं पण निघत नाही.

आता माझी अडचण सांगते. आमचा बायकांचा वाचन गट आहे, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भेटतो, दर वेळी एकीनं वीस मिनिटं बोलायचं. या वेळी माझा नंबर आहे आणि मी सांगून बसलेय की चेंबर्सवर बोलणार. टिपणं काढायला बसले तर जिथे बघते तिथे माणूस हरलेलाच दिसतोय. सभागृहातली प्रार्थना बंद करा म्हणून केस केली, ती सुप्रीम कोर्टात हरले. फाशीची शिक्षा रद्द करून घेतली, लोकांनी मतदान करून ती परत आणली. मुदतीची मर्यादा लागली आणि २००९ ला घरी बसावं लागलं. त्यात देवावरच खटला भरला होता म्हणे, तो पण निकालात निघाला. मी सदतीस वर्षं शाळेत शिकवलं, मला माणसाचं मोठेपण कुठे आहे ते धरून बोलायची सवय आहे आणि इथे ते हाताला लागत नाहीये. पण काहीतरी आहे हे नक्की, उगाच लोक बारा वेळा निवडून देतात का?

कोणी नीट समजावून सांगेल का? घाई नाही, अजून पंधरा दिवस आहेत.

सुदामानगर_ते_ओमाहा

काकू नमस्कार, मी मूळ सुदामानगरचा, ओमाहात बारा वर्षं झाली. तुम्ही हा विषय घेतला ते वाचून फार आनंद झाला, इथल्या आपल्या लोकांना पण वॉशिंग्टनचं सगळं माहीत असतं पण लिंकनचं कोणी बघत नाही.

आधी घर समजून घ्या म्हणजे माणूस कळेल. इथे फक्त ४९ आमदार, त्यांना सिनेटर म्हणतात. एकेका मतदारसंघात साधारण चाळीस हजार लोक. आपल्या मध्य प्रदेशात एका आमदारामागे तीन लाखाच्या वर लोक येतात, म्हणजे आपला एखादा मोठा वॉर्ड असतो ना तेवढ्यातच इथला आमदार निवडून येतो. आणि मतपत्रिकेवर या निवडणुकीपुरतं पक्षाचं नावच नसतं. कोण रिपब्लिकन कोण डेमोक्रॅट ते सगळ्यांना माहीत असतं पण छापलेलं नसतं. त्यामुळे चेंबर्ससारखा अपक्ष माणूस उभा राहिला तर चिन्हावाचून अडत नाही.

दुसरं, अधिवेशन वर्षभर नसतं, एका वर्षी ९० दिवस, दुसऱ्या वर्षी ६० दिवस, संपलं. आणि बिल पास व्हायला तीन टप्पे, जनरल फाइल, सिलेक्ट फाइल, फायनल रीडिंग. प्रत्येक टप्प्याला चर्चा, दुरुस्त्या, प्रस्ताव. आता विचार करा काकू, ४९ जणांची शेकडो बिलं रांगेत उभी आहेत, दिवस मोजके आहेत, आणि एक माणूस असा आहे की ज्याला नियमांचं पुस्तक तोंडपाठ आहे आणि जो दमत नाही. तो एका बिलावर उभा राहिला, एक दुरुस्ती मांडली, त्यावर बोलला, ती पडली की दुसरी, मग बिल परत कमिटीकडे पाठवा असा प्रस्ताव, तो पडला की बिल बेमुदत पुढे ढकला असा प्रस्ताव, तर दुपार गेली. चर्चा बंद पाडायची तर ४९ पैकी ३३ मतं लागतात, ती दर वेळी कुठून आणणार? मग लोक हळूहळू स्वतःच त्याच्या टेबलाशी यायला लागले की बाबा, माझ्या बिलात तुला काय खुपतंय ते सांग, काढून टाकतो. इथे वेळ हाच पैसा आहे आणि सगळ्यात जास्त वेळ त्याच्या खिशात होता. पास झालेल्या बिलांची यादी बघून तुम्हाला हे दिसणार नाही, कारण जे वाईट कलम छापलंच गेलं नाही त्याची नोंद कुठे असते?

पण नुसतं अडवलंच असंही नाही हं. तुमच्या टिपणात एक मोठी गोष्ट राहिलीय. पूर्वी ओमाहाची नगर परिषद सगळ्या शहरातून एकत्र निवडली जायची, वॉर्ड नव्हते. म्हणजे असं समजा की इंदूरचे सगळे नगरसेवक पूर्ण शहराच्या मतावर निवडले जातायत, तर एका कोपऱ्यात राहणाऱ्या वस्तीचा माणूस कधीच येणार नाही, मतं कितीही एकगठ्ठा पडू देत. उत्तर ओमाहाचं तेच व्हायचं. चेंबर्सनी कायदा करून वॉर्डाप्रमाणे निवडणूक आणली आणि १९८१ साली ओमाहाच्या परिषदेत पहिला कृष्णवर्णीय सदस्य निवडून आला. ते अजून तसंच चालू आहे. शाळेत मुलांना मारायला बंदी, १९८८, ते पण त्यांचंच बिल. तुम्ही शिक्षिका होतात, हे नक्की सांगा. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद चालू होता तेव्हा १९८० मध्येच त्यांनी ठराव आणला की राज्याच्या पेन्शनचे पैसे तिथे धंदा करणाऱ्या कंपन्यांतून काढा. मका न गुरांचं हे राज्य, आणि असं पाऊल उचलणारं अमेरिकेतलं पहिलं!

एक माझा स्वतःचा अनुभव सांगतो. इथे नियम आहे की प्रत्येक बिलावर जनसुनावणी झालीच पाहिजे, एकही बिल कमिटीत गुपचूप मरू देत नाहीत, आणि कोणीही येऊन बोलू शकतं. शाळांच्या पैशाबद्दलचं एक बिल होतं, बायको म्हणाली जा की, नुसतं घरात बोलतोस. गेलो. खोलीच्या मागे एक फॉर्म भरायचा, मग पुढच्या खुर्चीत बसायचं, टेबलावर छोटा दिवा, हिरवा पिवळा लाल. बोलायच्या आधी नाव सांगायचं आणि एक एक अक्षर सुटं करून सांगायचं, रेकॉर्डसाठी. माझं आडनाव अकरा अक्षरांचं, मी घाबरत घाबरत सांगतोय आणि ती क्लार्क बाई शांतपणे लिहून घेतेय, वर बघून मान हलवली, की झालं, आता बोला. माझं बोलणं तीन मिनिटात संपलं, बिलाचं काय व्हायचं ते झालं, पण माझं नाव त्या राज्याच्या कागदावर बरोबर लिहिलं गेलंय हे मला आजपण आठवतं. चेंबर्स त्या कमिटीत नव्हते. पण ज्या सभागृहात हा नियम आहे तिथे एकटा माणूस किती लांब जाऊ शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

फाशीबद्दल वेगळं लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

वकील_तुकोगंज

मंदाताई, विषय उत्तम. ओमाहाच्या भाऊंनी घर दाखवलं, मी कायद्याच्या बाजूनं दोन-तीन गोष्टी जोडतो.

पहिली म्हणजे आपल्याकडे चेंबर्स का होऊ शकत नाही. एकच सदन तर आपल्याकडे पण आहे (संविधानाच्या कलम १६८ मध्ये मध्य प्रदेशच्या विधान परिषदेचा उल्लेख आहे पण ती कधी स्थापनच झाली नाही), म्हणजे प्रश्न सदनाचा नाही. १९८५ पासून आपल्याकडे दहावी अनुसूची आहे, पक्षाचा व्हिप निघाला आणि विरोधात मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. ती आणली चांगल्या हेतूनं, आयाराम-गयाराम थांबावं म्हणून, पण त्यामुळे सभागृहात उभं राहून बाकीच्यांचं मन वळवण्याला अर्थच राहिला नाही, समोरच्याचं मन वळलं तरी त्याचा हात वर जाणार नाही. अमेरिकेत असा कायदा नाही. तिथे बोलून मत फिरतं, म्हणून बोलणाऱ्याला किंमत आहे. हे तुमच्या गटात सांगितलंत तर चेंबर्सची निम्मी गोष्ट लोकांना लगेच कळेल.

दुसरी, ती प्रार्थनेची केस. मार्श विरुद्ध चेंबर्स, निकाल १९८३. यातले मार्श म्हणजे राज्याचे खजिनदार, म्हणजे बघा, चालू आमदार आपल्याच राज्याच्या तिजोरीविरुद्ध कोर्टात गेला. सभागृहाची सुरुवात एक पाद्री प्रार्थनेनं करायचे, १९६५ पासून तेच एक गृहस्थ, आणि त्यांना महिन्याला ३१९ डॉलर ७५ सेंट राज्याच्या पैशातून मिळायचे. चेंबर्सचं म्हणणं इतकंच की माझ्या मतदाराच्या कराच्या पैशातून सरकारनं कुठल्या एका धर्माचा माणूस पगारावर ठेवू नये. खालच्या कोर्टात ते जिंकले, अपिलात तर आणखी मोठं जिंकले, आणि सुप्रीम कोर्टात ६ विरुद्ध ३ नी हरले. कोर्ट म्हणालं की १७८९ च्या पहिल्या काँग्रेसपासून ही प्रथा चालत आलीय, ज्यांनी घटना लिहिली त्यांनीच पाद्री पण नेमला होता, तेव्हा ती घटनाबाह्य कशी म्हणणार. मला स्वतःला तीन न्यायमूर्तींचं मत जास्त पटतं, एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून बरोबर ठरत नाही. पण ताई, हरलेली केस पण कायदा घडवते. तिथे सरकारी बैठकीतल्या प्रार्थनेचा प्रश्न आला की आजपण वाद याच निकालापासून सुरू होतो, २०१४ मध्ये पुन्हा तसा खटला आला तेव्हा पण हाच आधार धरला. म्हणजे प्रश्न चेंबर्सचाच राहिला, उत्तर तेवढं त्यांच्या मनासारखं आलं नाही.

आणि देवावरचा खटला. लोक तो गंमत म्हणून सांगतात, तुम्ही तसा सांगू नका. २००७ साली त्यांनी डग्लस काउंटीच्या कोर्टात दावा लावला की पूर, भूकंप, वादळं यातून प्रतिवादी लोकांना भय दाखवतो आणि नुकसान करतो, त्याला मनाई हुकूम द्या. तेव्हा फालतू दावे कोर्टात येऊच देऊ नयेत अशी चर्चा चालू होती आणि त्यांना दाखवायचं होतं की दार कोणासाठीच बंद करता येत नाही, फालतू काय ते दारावरचा माणूस ठरवू शकत नाही, आत घेऊन न्यायाधीशानंच ठरवायचं. २००८ मध्ये दावा निघाला, कारण प्रतिवादीचा पत्ता नाही, नोटीस बजावता येत नाही. चेंबर्सचं त्यावर म्हणणं की तो सर्वज्ञ आहे असं तुम्हीच मानता ना, मग त्याला कळलं असेलच. मी तेवीस वर्षं वकिली करतोय, आमच्याकडे गरीब पक्षकार येतात आणि त्यांची अर्धी ताकद नोटीस बजावण्यातच संपते, समोरचा पत्त्यावर सापडत नाही म्हणून वर्षानुवर्षं तारीख पुढे जाते. मला तो निकाल वाचताना हेच आठवत होतं.

जाता जाता, चेंबर्स कायद्याची पदवी घेतलेले आहेत, क्रेटन विद्यापीठाची, १९७९. पण बारमध्ये नाव नोंदवलं नाही, कधी वकिली केली नाही. कायदा शिकले तो सभागृहात वापरायला.

निखिल_विजयनगर

सगळे एकाच बाजूनं लिहितायत म्हणून मी दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका. मी तिथे दोन वर्षं एमएस केलंय, लिंकनलाच.

एक माणूस सगळं सभागृह अडवून ठेवतो हे ऐकायला चांगलं वाटतं जोपर्यंत तो आपल्या बाजूचा असतो. उद्या तेच नियम वापरून कोणी चांगलं बिल अडवलं तर? बाकीच्या ४८ जणांना पण लोकांनीच निवडून दिलंय, त्यांच्या मतदारांची कामं पण त्याच ९० दिवसात बसवायची असतात.

आणि २००६ चं कोणीच लिहिलं नाही. ओमाहाच्या शाळांचा जिल्हा तीन तुकड्यात तोडायचा कायदा झाला होता, त्यातली मुख्य दुरुस्ती चेंबर्सची होती. तीन तुकडे कसे पडत होते, तर एक बहुतेक कृष्णवर्णीय, एक बहुतेक लॅटिनो, एक बहुतेक गोरा! ज्या देशानं १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला त्या देशात एका कृष्णवर्णीय आमदारानं हे करावं? त्यांच्याच समाजाची जुनी संघटना एनएएसीपी कोर्टात गेली. शेवटी २००७ मध्ये तो कायदा बदलावा लागला. चेंबर्सचं म्हणणं होतं की मुलांना बसनं दुसऱ्या भागात पाठवायचं १९९९ ला बंद झाल्यापासून शाळा तशाही वेगळ्याच झाल्यात, निदान आमच्या शाळांचं बोर्ड तरी आमच्या हातात द्या. हे समजतं मला, पण पटत नाही. मी ज्या ज्या शाळेत शिकलो त्यात अर्धी मुलं हिंदीवाली, सिंधी, बोहरी, आणि मला त्याचा फायदाच झाला.

२०१५ मध्ये तर एका सुनावणीत पोलिसांची तुलना आयसिसशी केली. त्यामागचा राग खरा असेल, १९६९ मध्ये ओमाहात एका पोलिसानं चौदा वर्षांच्या मुलीला गोळी घातली होती आणि ते त्यांच्या डोळ्यासमोरचं आहे. पण ज्या पोलिसवाल्यांनी काही केलं नाही त्यांच्या घरी काय वाटलं असेल?

काकू, हे पण सांगा तुमच्या गटात. नाहीतर आरती होईल, भाषण नाही.

सुदामानगर_ते_ओमाहा

निखिल, २००६ च्या बाबतीत मी तुझ्या बाजूनं आहे, मला पण ते पटलं नव्हतं, आणि उत्तर ओमाहात पण सगळ्यांना पटलं नव्हतं. बरं केलंस लिहिलंस. अडवण्याच्या नियमाबद्दल मात्र मी तुझ्याशी सहमत नाही, कारण ३३ मतं जमली की चेंबर्सना पण खाली बसावंच लागायचं, म्हणजे चावी शेवटी सभागृहाकडेच होती.

आता फाशी. काकू, याला तुम्ही हार म्हणून मोजलंय, त्यावर जरा थांबा. १९७० च्या दशकापासून ते जवळजवळ दर अधिवेशनात हे बिल आणायचे. १९७९ मध्ये सभागृहानं पास केलं, गव्हर्नरनी नाकारलं. मग पुन्हा आणायचे, पडायचं, पुन्हा. २०१५ ला ३२ विरुद्ध १५ नी पास झालं, गव्हर्नर रिकेट्सनी व्हेटो केला. व्हेटो मोडायला ३० मतं लागतात. २७ मे ला मी ऑफिसात फोनवर लाइव्ह लावून बसलो होतो, शेजारच्या टेबलवरचा अमेरिकन पण खुर्ची ओढून आला, तो फाशीच्या बाजूचा होता पण बघायचं त्याला पण होतं. दोन मतं आधीच फिरली होती. आणि पडली किती, तर ३० विरुद्ध १९. बरोब्बर तीस! एक कमी पडलं असतं तर संपलं होतं. आणि त्या तीसमधली बरीचशी मतं रिपब्लिकन आमदारांची, कोणी म्हणालं खर्च परवडत नाही, कोणी म्हणालं गर्भपाताला विरोध करतो तर इथे जीव कसा घेऊ, कोणी म्हणालं शिक्षा द्यायला लागणारी इंजेक्शनची औषधंच मिळत नाहीत तर शिक्षा कागदावर कशाला. प्रत्येकाचं कारण वेगळं, चेंबर्सचं कारण त्यांनी घेतलंच नाही. पण चाळीस वर्षं तो विषय टेबलावर जिवंत कोणी ठेवला?

पुढचं तुम्हाला माहीत आहे, विरोधकांनी सह्या गोळा केल्या, त्यामुळे कायदा लागूच झाला नाही, आणि २०१६ च्या मतदानात ६१ टक्के लोकांनी फाशी ठेवली. २०१८ मध्ये एकाला दिली पण, राज्यात एकवीस वर्षांनी पहिल्यांदा. त्या दिवशी चेंबर्स सभागृहाचे सदस्य होते, ८१ वर्षांचे. हार आहेच, मी नाही म्हणत नाही. पण त्या दुपारी तीस जणांनी बटण दाबलं ते पण झालंय न, ते कोणी पुसू शकत नाही.

आणि मुदतीच्या मर्यादेचं, २००० साली लोकांनी ती मंजूर केली, सलग दोन वेळाच राहता येतं, मग चार वर्षं बाहेर. इथे बरेच लोक म्हणतात की ती चेंबर्सना घालवायलाच आणली. ते २००९ ला गेले, चार वर्षं थांबले, २०१२ ला उभे राहिले आणि मधल्या काळात निवडून आलेल्या बाईंना हरवून परत आले. तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचे होते.

परदेशीपुरा_जुना

मी इथे लिहीत नाही फारसं, वाचतो. मंदाताईंचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

माझे वडील मिलमध्ये होते. लहानपणी आमच्या गल्लीत न्हाव्याचं दुकान होतं, दोन खुर्च्या, एक आरसा तडकलेला, आणि बाहेर बाकडं. शिफ्ट सुटली की माणसं दाढीला यायची आणि तासभर हलायची नाहीत. पेपर एकच यायचा, एक जण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. कोणाला नोटीस मिळाली, कोणाचा हात मशीनमध्ये गेला, कोणाच्या पोरीचं लग्न अडलंय, सगळं त्या बाकड्यावर आधी कळायचं. १९६२ साली होमी दाजींना इंदूरच्या मजुरांनी लोकसभेत पाठवलं त्याच्या गोष्टी मी त्या बाकड्यावरच ऐकल्यात, मी तेव्हा अगदी लहान होतो. वडील म्हणायचे पोस्टर नंतर लागतं, आधी न्हाव्याकडे कळतं कोण येणार.

म्हणून चेंबर्स न्हावी होते हे वाचलं आणि मला त्यात नवल नाही वाटलं. ज्या माणसानं वर्षानुवर्षं वस्तीतल्या लोकांच्या मानेवर हात ठेवून त्यांचं ऐकलंय त्याला काय बोलायचं ते शोधावं लागत नाही. आणि खुर्चीत बसलेला माणूस खोटं बोलत नाही, वस्तरा गळ्याशी असतो.

आपल्या सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभेवर निवडून आल्या, त्यांना पण लोक घरात येऊन भेटायचे. पण त्यांच्या मागे पक्ष होता. हा माणूस एकटा. ताई, वीस मिनिटं कमी पडतील तुम्हाला.

मंदाताई_रामबाग

सगळ्यांचे मनापासून आभार, मी सगळं वहीत उतरवून काढलंय, प्रिंट नको म्हटलं मुलाला, हातानं लिहिलं की लक्षात राहतं.

परदेशीपुऱ्याच्या दादा, तुमचं वाचल्यावर माझी सुरुवात बदलली. मी विधानभवनाच्या मनोऱ्यापासून सुरू करणार होते, आता न्हाव्याच्या खुर्चीपासून करणार. मग सरळ १९७० आणि नंतर ओमाहाचे वॉर्ड, ते आमच्या गटातल्या सगळ्यांना कळेल, दोघीजणी तर नगरसेवकाच्या मागे ड्रेनेजसाठी सहा महिने फिरल्यात.

निखिल, तुझं २००६ चं पण घेतलंय, पूर्ण घेतलंय. मी मराठी माध्यमात शिकवायचे आणि आमच्याकडे पण कायम हा वाद होता की आपल्या मुलांना आपल्याच शाळेत ठेवायचं की बाकीच्यात मिसळू द्यायचं. पट कमी कमी होत गेला तसा तो वाद पण संपला, शाळाच उरली नाही तर वाद कशावर घालणार. त्यामुळे चेंबर्सना जे वाटलं ते मला आतून समजलं, आणि ते चुकले असं तू म्हणतोस ते पण समजलं. दोन्ही सांगीन, बायका घालतील वाद.

फाशीचं मात्र मी रात्री उठून पुन्हा वाचलं. तीस. मी त्या सभागृहात गेले होते, लाकडी टेबलं आहेत, जुनी, समोर नावांचा बोर्ड आहे जिथे मतं दिसतात. तेव्हा मी बोर्डाकडे नुसतं बघितलं आणि पुढे गेले. आता लेकीला सांगितलंय की पुढच्या वेळी परत न्यायचं, मला गॅलरीत बसायचंय.

एक शेवटचा प्रश्न, वकीलसाहेब किंवा ओमाहाचे भाऊ कोणीही सांगा. बोलताना मी त्यांना सिनेटर म्हणू की आमदार? गटात सगळ्याच शिकलेल्या आहेत असं नाही, दोन आज्या ऐंशीच्या पुढच्या आहेत.

वकील_तुकोगंज

आमदारच म्हणा. सिनेटर म्हटलं की लोकांना वॉशिंग्टन वाटतं, आणि या गृहस्थांची सगळी ४६ वर्षं लिंकनमध्ये गेली.

सुदामानगर_ते_ओमाहा

हो काकू, आमदार. आणि लिंकन किती लांब ते सांगताना महेश्वर सांगा, ओमाहापासून जवळजवळ तेवढंच आहे, आज्यांना बरोबर कळेल. पुढच्या वेळी याल तेव्हा मला आधी कळवा, अधिवेशन चालू असेल अशा दिवसात मी घेऊन जाईन, सकाळी लवकर निघू म्हणजे गॅलरीत पुढची जागा मिळेल.